पाया क्रमांक चौदा

रात्री अकराला पहिला मिक्सर येतो.
जुलैत सोहारला दिवसा काँक्रीट ओतायची सोय नाही,
पारा बत्तिसाच्या वर गेला की गाडी परत.
म्हणून बर्फ घालून कालवतात.
मी थर्मामीटर खुपसते, थांबते.
विरजण लावताना आई दुधात करंगळी बुडवायची
तेवढाच वेळ.
एकोणतीस. ओता.

मग स्लम्प.
शंकू तीन थरांत भरायचा, थराला पंचवीस ठोसे,
आणि सरळ वर उचलायचा, हात न कापता.
पहिल्या दिवशी कुंजुमोन फोरमन म्हणाला,
मॅडम, राहू दे, पोरगा करेल.
मी उचलला.
खाली भाताची मूद बसावी तसं बसलं,
जरा खचलं, हवं तेवढंच.
त्याने टेप लावली, आकडा वाचला,
पुन्हा कधी पोराला हाक मारली नाही.

कऱ्हाडला वर्गात आम्ही साठांत सात.
सर म्हणायचे, मुलींनो, डिझाईनला जा, एसी असतो.
मामा म्हणाले, लेक्चरर हो, सुट्ट्या असतात.
दोघी बँकेत गेल्या. एक घरी बसून क्वांटिटी काढते,
बाळ झोपलं की.
शर्वाणी रस्त्याच्या कामावर असते,
तिथले मुकादम तिच्या ड्रायव्हरला साहेब म्हणतात.

इथे आले तेव्हा माझ्या व्हिसावर लिहिलं होतं,
गृहिणी. काम करण्यास परवानगी नाही.
हातात लाटणं होतं.
ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि पोळी करपली.
दोन वर्षांनी मुलाखतीत विचारलं,
नवरा येऊ देईल का साइटवर?
हाच प्रश्न बिनॉयला, बायको धरून,
कुणी विचारला नव्हता.
त्याच्यापेक्षा मला एकशे चाळीस रियाल कमी,
कारण म्हणे घर नवऱ्याचं आहेच.
हिशेब मला येतो. बिलं मीच तपासते.

चारशे माणसं, बावीस संडास,
त्यातला माझा एकही नाही.
मी पाणी पिणंच सोडलं.
त्या चार दिवसांत नऊ किलोमीटरवरचा पेट्रोल पंप.
गुल नवाज काही न विचारता गाडी काढायचा,
पंपावर माझ्याकडे पाठ करून चहा प्यायचा,
सावकाश, मी परत येईपर्यंत पुरेल असा.

काँक्रीटला अठ्ठावीस दिवस देतात.
तारखा फळ्यावर असतात, कुणी विसरत नाही.
गोणपाट कोरडं पडलं तर मी ओरडते,
पाणी मारा, दिवसातून चारदा, नाहीतर तडे जातील!
जूनमध्ये तापाने फणफणले,
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, पाणी पीत नाही का?
मला हसू आलं. त्यांना कसं सांगणार
की क्युरिंग राहिलं.

बरी झाले आणि साइटचा नकाशा उघडला.
चौदा नंबरच्या पायाशेजारी
दीड मीटर बाय दोन,
भोवती लाल ढग, रिव्हिजन सी,
आणि कारणाच्या रकान्यात:
मूळ आराखड्यात राहून गेले.
खाली सही.
अकरा आठवडे लागले.
पायाला एवढे लागले नाहीत.

काल नवी शिकाऊ इंजिनिअर आली,
रय्या अल बलूशी, इथलीच, पलीकडच्या वाडीतली.
हिजाबवर हेल्मेट, बूट एक नंबर मोठे,
बायकांच्या मापाचे मागवलेच नव्हते.
माझ्या कानाशी येऊन हळूच विचारलं.
मी खिशातली किल्ली दिली,
बांधायच्या तारेत ओवलेली.
परत आली आणि
उभ्या उभ्या अख्खी बाटली प्यायली.

तेवढ्यात दुसरा मिक्सर.
शंकू तिच्या हातात दिला.
तिने उचलला, जरा तिरपा.
मूद एका बाजूला ढळली.
कुंजुमोन माझ्याकडे बघायला लागला,
तोंड अर्धं उघडं, पोरगा चार पावलांवर.

मी म्हटलं, ओलं फडकं घे, पुसून काढ,
पुन्हा भर.
तीन थर.
पंचवीस. पंचवीस. पंचवीस.